मधुमेह, वजन आणि हृदय: कोल्हापूरच्या पेशंटांचे नेहमीचे प्रश्न

दवाखान्यात समोर बसल्यावर प्रश्न अर्धेच आठवतात. बाकीचे घरी पोचून जेवायला बसल्यावर आठवतात. टाइप २ मधुमेह असलेल्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी वजनाबद्दल आणि हृदयाबद्दल मला जे पुन्हा पुन्हा विचारलं, ते इथे एका जागी लिहिलं आहे. औषधांत बदल मात्र हे वाचून करू नका. तुमचे रिपोर्ट तुमच्या डॉक्टरांकडे आहेत, माझ्याकडे नाहीत.

मला फक्त शुगर आहे. मग तुम्ही सारखं हृदयाबद्दल का विचारता?

कारण टाइप २ मधुमेहात माणूस दगावण्याचं सर्वांत मोठं कारण हृदय आणि रक्तवाहिन्यांचे आजार हेच आहे. मधुमेह नसलेल्या त्याच वयाच्या माणसाच्या तुलनेत हा धोका साधारण दुप्पट असतो. २०२३ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे आकडे आले. देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे, आणि पोट सुटलेल्या प्रौढांचं प्रमाण जवळजवळ ४० टक्के आहे. हे दोन आकडे मी शेजारी शेजारी ठेवतो, कारण ते एकाच गोष्टीची दोन टोकं आहेत.

वजनाचा हृदयाशी संबंध नेमका कसा येतो?

चरबी किती आहे यापेक्षा ती कुठे साठली आहे, हे महत्त्वाचं. कातडीखाली, मांड्यांवर, नितंबांवर साठणारी चरबी तुलनेने निरुपद्रवी असते. घरातली धान्याची कोठी समजा. कोठी भरली की आणलेलं धान्य सोप्यात, माजघरात, मिळेल तिथे ओतावं लागतं. शरीरातही तसंच होतं. कातडीखालची जागा भरली की चरबी यकृतात, स्वादुपिंडात, आतड्यांच्या भोवती आणि हृदयाच्या भोवतीही साठू लागते.

यकृतात चरबी साठली की ते इन्सुलिनचं ऐकेनासं होतं आणि रात्रभर साखर तयार करत राहतं. रात्री अर्धी भाकरी खाऊन झोपलेल्या माणसाची सकाळची उपाशीपोटी शुगर १८० का येते, याचं उत्तर बहुतेक वेळा इथे असतं. तेच यकृत रक्तात ट्रायग्लिसराइड, म्हणजे एक प्रकारची चरबी, सोडतं. चांगलं कोलेस्टेरॉल घटतं. वाईट कोलेस्टेरॉलचे कण बारीक आणि घट्ट होतात, आणि असे कण रक्तवाहिनीच्या अस्तरात सहज शिरतात. पोटातल्या चरबीतून दाह वाढवणारी रसायनं बाहेर पडत असतात, त्यामुळे ते अस्तर आधीच दुखावलेलं असतं. त्यात वाढलेल्या वजनामुळे मूत्रपिंड मीठ धरून ठेवतं आणि रक्तदाब चढतो.

दुसरी वाट हार्ट फेल्युअरची, म्हणजे हृदयाचं काम कमी पडण्याची. तिच्याबद्दल लोक क्वचितच विचारतात. शरीर जड झालं की हृदयाला जास्त रक्त ढकलावं लागतं. वर्षानुवर्षं ते काम करून हृदयाचा स्नायू जाड आणि ताठर होतो, नीट सैलावत नाही. अशा माणसाच्या रक्तवाहिन्या अँजिओग्राफीत मोकळ्या दिसल्या तरी त्याला धाप लागते. जोतिबाच्या पायऱ्या गेल्या वर्षी एका दमात चढत होता आणि यंदा तीनदा थांबावं लागलं, तर 'वय झालं' म्हणून सोडून देऊ नका. तपासून घ्या.

मी बारीक आहे. मला कशाला हार्टचा त्रास होईल?

हा प्रश्न विचारणाऱ्याचं पोट मी आधी बघतो. हातपाय काटकुळे आणि पोट मात्र पुढे, अशी ठेवण आपल्याकडे फार आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी या ठेवणीचा आयुष्यभर अभ्यास केला. २००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात त्यांचा आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती याचा आकडा, एकच, २२.३. दिसायला दोघेही सडपातळ. अंगातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के निघाली. वजनकाट्याला यातलं काहीच दिसत नाही.

म्हणून बारीक असणं हे मधुमेहाच्या पेशंटसाठी अभयदान नाही. आपल्याकडे तर बारीक पेशंटच उशिरा तपासणीला येतात, कारण त्यांना स्वतःला आणि घरच्यांनाही धोका दिसत नाही.

मग माझं वजन किती असायला हवं?

वजन किलोत भागिले उंचीचा मीटरमधला वर्ग, हा बीएमआय. पाश्चात्त्य देशांत २५ च्या पुढे जादा वजन आणि ३० च्या पुढे लठ्ठपणा धरतात. भारतीयांसाठी या रेषा अलीकडे ओढल्या आहेत, २३ आणि २५. उंची १६५ सेंटिमीटर असेल तर साधारण ६२ किलोच्या पुढे सावध व्हायचं आणि ६८ च्या पुढे लठ्ठपणा समजायचा. हा आकडा ऐकून बरेच जण चमकतात.

पण मला विचाराल तर घरात वजनकाटा नसला तरी चालेल, शिंप्याची टेप हवी. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत, म्हणजे साडेपस्तीस इंच. स्त्रियांची ८० च्या आत, म्हणजे साडेएकतीस इंच. पँटचा नंबर सांगू नका, पँट पोटाच्या खाली बांधलेली असते. सकाळी उपाशीपोटी, कपडे बाजूला करून, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरा, श्वास नेहमीसारखा सोडा, पोट आत ओढू नका. महिन्यातून एकदा मोजा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. पुष्कळदा वजन जागचं हलत नाही, पण कंबर दोन इंच उतरलेली असते. तेव्हा समजा, गाडी योग्य रस्त्याला आहे.

मी तरुणपणी तालमीत होतो. हे वजन पैलवानकीचं आहे, चरबी नव्हे. खरं ना?

तालमीत असेपर्यंत खरं होतं. राजर्षी शाहू महाराजांनी ज्या गावात कुस्तीसाठी खासबागेचं मैदान उभं केलं, त्या गावातला हा प्रश्न आहे आणि मी तो फार आदराने ऐकतो. हजार जोर आणि बैठका मारणाऱ्या शरीराला दूध, तूप, बदाम, थंडाई हा खुराक लागतोच. स्नायू रक्तातली साखर खेचून घेतात, म्हणून पैलवान एवढं खाऊनही निरोगी राहतो. लग्न झालं, नोकरी लागली, तालीम सुटली, पण खुराक सुटला नाही, तर आठ-दहा वर्षांत स्नायू झडतात आणि वजन तेवढंच किंवा जास्त राहतं. काट्यावर आकडा तोच, आत माल बदललेला.

संध्याकाळी दूध कट्ट्यावर जाऊन समोर पिळलेलं धारोष्ण दूध प्यायची सवयही यातलीच. म्हशीच्या दुधात साधारण सहा-सात टक्के स्निग्धांश असतो. मोठा पेला रोज, वर घरचं जेवण पूर्ण, आणि दिवसभर बैठी दुकानदारी, हे गणित पोटावर दिसतं. पैलवानांना मी दूध तोडायला सांगत नाही. साय काढलेलं, लहान पेला, आणि त्या बदल्यात रात्रीच्या जेवणातलं काहीतरी कमी. बैठका मात्र पुन्हा सुरू करा, पन्नासपासून. त्याआधी हृदयाची तपासणी करून घ्या आणि दम कोंडून जोर मारू नका, त्याने रक्तदाब एकदम उसळतो.

किती किलो कमी केले की फरक पडतो?

आत्ताच्या वजनाच्या पाच टक्के. ८० किलोच्या माणसाने ४ किलो. एवढ्यानेही शुगर, रक्तदाब आणि ट्रायग्लिसराइड खाली येऊ लागतात, कारण सर्वांत आधी उतरते ती यकृतातली चरबी. मधुमेह होऊन थोडीच वर्षं झाली असतील तर त्याहून मोठी झेपही शक्य आहे. २०१७ साली ब्रिटनमधल्या 'डायरेक्ट' अभ्यासात देखरेखीखाली अतिशय कमी उष्मांकाचा आहार दिला. वर्षभरानंतर त्यातल्या ४६ टक्के लोकांची शुगर औषधांशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली होती. ज्यांचं वजन १५ किलो किंवा जास्त उतरलं, त्यांच्यात हे प्रमाण ८६ टक्के होतं. हे घरच्या घरी करायचं काम नाही. गोळ्या चालू असताना असा आहार घेतला तर शुगर धोकादायक खाली जाऊ शकते.

वजन कमी केलं की हार्ट अटॅक टळेल, अशी खात्री देता का?

नाही. आणि या प्रश्नाचं उत्तर मला सविस्तर द्यायचं आहे, कारण इथे खोटी आशाही नको आणि निराशाही नको.

अमेरिकेत 'लुक अहेड' नावाचा मोठा अभ्यास झाला. टाइप २ मधुमेह आणि जादा वजन असलेले ५,१४५ लोक. निम्म्यांना आहार-व्यायामाची कसून मदत, निम्म्यांना नेहमीचा सल्ला. पहिल्या वर्षी मदत मिळालेल्यांचं वजन सरासरी ८.६ टक्के उतरलं. जवळजवळ दहा वर्षांनी पाहिलं, तर हार्ट अटॅक, अर्धांगवायू आणि त्यामुळे होणारे मृत्यू यांत दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. २०१२ साली तो आहार-व्यायामाचा कार्यक्रम थांबवला.

हे ऐकून 'मग कशाला जिवाचा आटापिटा' असं म्हणू नका. दोन्ही गटांना कोलेस्टेरॉलची आणि रक्तदाबाची चांगली औषधं मिळत होती, त्यामुळे फरक दिसायला जागाच कमी होती. उतरलेलं वजन बऱ्याच जणांचं पुन्हा चढलं. आणि ज्यांनी पहिल्या वर्षी दहा टक्के किंवा जास्त वजन उतरवलं, त्यांच्यात धोका साधारण एक पंचमांश कमी दिसला. हे शेवटचं विश्लेषण अभ्यास संपल्यावर केलेलं आहे, म्हणून त्यावर पैज लावू नये, पण दुर्लक्षही करू नये. शिवाय मदत मिळालेल्या गटाला औषधं कमी लागली, झोपेतला श्वासाचा अडथळा आणि मूत्रपिंडाचा त्रास कमी झाला.

याच्या शेजारी डेन्मार्कचा 'स्टेनो-२' अभ्यास ठेवा. फक्त १६० पेशंट, पण शुगर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, तंबाखू, आहार, व्यायाम या सगळ्यांकडे एकाच वेळी लक्ष. पावणेआठ वर्षांत हृदयाचे आणि रक्तवाहिन्यांचे त्रास जवळजवळ निम्म्यावर आले.

यातून मी जे शिकलो ते असं. वजन उतरवायचंच, पण हृदयाचं संरक्षण वजनासाठी थांबवायचं नाही. 'आधी दहा किलो कमी करतो, मग कोलेस्टेरॉलची गोळी बघू' असं म्हणून दोन-दोन वर्षं घालवणारे पेशंट मला सर्वांत जास्त काळजीत टाकतात. चाळिशीपुढच्या बहुतेक मधुमेहींना ही गोळी लागते, वजन कितीही असो. रक्तदाब १३०/८० च्या आत, वाईट कोलेस्टेरॉल म्हणजे एलडीएल ७० च्या आत, आणि आधीच हृदयविकार असेल तर ५५ च्या आत. एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी, साधारण ७. हे आकडे आजपासून, कंबर जमेल तशी.

तांबडा-पांढरा आता कायमचा बंद का?

कायमचा बंद म्हणालो तर तुम्ही माझ्याकडे येणंच बंद कराल, आणि ते जास्त वाईट. रस्सा, मटण, भात, भाकरी, सुकं आणि पुन्हा रस्सा, हे सगळं एका बैठकीत पोट फुटेस्तोवर, अडचण तिथे आहे. महिन्यातून एक-दोनदा जेवा. तांबड्यावरचा तेलाचा तवंग चमच्याने बाजूला काढा. पांढऱ्यात नारळाचं दूध, काजू, खसखस असते, म्हणून वाट्यांवर वाट्या नकोत. ज्वारीची एक भाकरी घ्या, मग भात सोडा. ताटात कांदा, काकडी, मुळा भरपूर.

मिसळीचं मला वेगळं सांगावंसं वाटतं. मटकी चांगलीच आहे. तिच्यावरचं फरसाण, वरून ओतलेला कट आणि सोबतचे ब्रेडचे चार तुकडे हे ओझं आहे. घरी मोड आलेल्या मटकीची उसळ करून कांदा-लसूण चटणी घाला, चव जात नाही. मीठ मात्र मोजा. दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे सपाट एक छोटा चमचा, सगळं मिळून. लोणचं, पापड, खर्डा, भडंग हे त्यातच आलं.

साखर सोडली, गूळ चालतो ना? आपला तर घरचा, बिनरसायनाचा.

नाही. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन आहे आणि मला त्याचा अभिमान आहे, पण तोही उसाचाच रस आटवून केलेला असतो. रक्तातली साखर आणि पोट दोन्ही तसेच वाढतात. काकवीचंही तेच.

नवरात्राचे उपवास केले तर वजन उतरेल का?

साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, शेंगदाण्याचे लाडू आणि वेफर्स खाऊन केलेल्या उपवासाने वजन वाढतं. कडकडीत उपवास करणाऱ्यांना मात्र दोन गोष्टी कळकळीने सांगतो. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन चालू असेल तर शुगर एकदम खाली जाऊ शकते. आणि एम्पाग्लिफ्लोझिन किंवा डापाग्लिफ्लोझिन चालू असेल तर उपाशी राहून रक्तात आम्ल साठण्याचा धोका असतो, तोही शुगर फारशी वाढलेली नसताना. घटस्थापनेच्या आठवडाभर आधी डॉक्टरांना भेटा, ते डोस ठरवून देतील. अंबाबाईचं दर्शन घेऊन फळ खाल्लं तर भक्ती कमी होत नाही.

इन्सुलिन सुरू केल्यापासून वजन वाढलं. बंद करू का?

स्वतःहून अजिबात नको. इन्सुलिन, ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या आणि पायोग्लिटाझोन यांनी वजन वाढू शकतं. त्यातलं पायोग्लिटाझोन अंगात पाणी धरतं, म्हणून हार्ट फेल्युअर असेल तर ते टाळतात. मेटफॉर्मिनने वजन वाढत नाही. 'फ्लोझिन' गटातल्या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात, वजन दोन-तीन किलो उतरवतात आणि हार्ट फेल्युअरने दवाखान्यात भरती होण्याचं प्रमाण कमी करतात. २०१५ च्या अभ्यासात, आधीच हृदयविकार असलेल्या मधुमेहींमध्ये एम्पाग्लिफ्लोझिनने हृदयविकाराने होणारे मृत्यू ३८ टक्क्यांनी कमी झाले. २०२५ साली भारतात तिचं पेटंट संपलं आणि किंमत पुष्कळ उतरली. पूर्वी परवडत नाही म्हणून नाकारली असेल, तर पुन्हा विचारा. या गोळ्यांनी लघवीच्या जागी खाज किंवा बुरशीचा त्रास होऊ शकतो. तो लाजून लपवू नका.

ती वजन कमी करायची इंजेक्शनं घेऊ का?

सेमाग्लुटाइडसारखी इंजेक्शनं भूक कमी करतात, वजन चांगलं उतरवतात, आणि जास्त धोका असलेल्या मधुमेहींमध्ये हार्ट अटॅक आणि अर्धांगवायूचं प्रमाणही त्यांनी कमी झालेलं आहे. पण मळमळ, उलट्या होतात, आणि बंद केली की वजन बहुधा परत चढतं. चरबीबरोबर स्नायूही झडतात, म्हणून डाळी, अंडी, मासे, ताक आणि व्यायाम सोबत हवाच. मित्राने घेतली म्हणून, मेडिकलमधून परस्पर आणून, कुणी घेऊ नये.

काही न करता सहा किलो उतरले. चांगलंच झालं ना?

नाही, लगेच या. तहान, वारंवार लघवी आणि उतरणारं वजन म्हणजे शुगर हाताबाहेर गेली आहे. शुगर ठीक असूनही वजन घसरत असेल तर थायरॉइड, क्षयरोग किंवा कर्करोग आहे का हे पाहावं लागतं.

वडील ७५ वर्षांचे आहेत. त्यांचंही वजन उतरवायचं?

बहुतेक वेळा नाही. या वयात स्नायू टिकवणं महत्त्वाचं. त्यांच्या ताटातलं काढून घेऊ नका. रोज थोडं चालवा, खुर्चीतून हात न टेकता उठ-बस करायला लावा.

रंकाळ्यावर रोज फिरतो, तरी पोट का उतरत नाही?

फिरणं गप्पांच्या चालीने होतं आणि फिरून झाल्यावर नाश्ता होतो, म्हणून. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, एवढ्या वेगाने चाला. आठवड्याला दीडशे मिनिटं, आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम. दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं शतपावली केली तर जेवणानंतरची शुगर कमी चढते. पायांना मुंग्या येत असतील तर कोल्हापुरी चपलेवर लांब फिरू नका. बंद, मऊ बूट घाला आणि रात्री तळपाय बघा. इन्सुलिन घेत असाल तर खिशात साखरेच्या पुड्या ठेवा.

हृदयविकार पुरुषांचाच ना? आमच्या ताईंना फक्त शुगर आणि थोडं वजन आहे.

पाळी जाईपर्यंत बाईला हृदयविकारापासून निसर्गाचं जे संरक्षण असतं, ते मधुमेहात बरंचसं निघून जातं. मधुमेहामुळे धोका जितक्या पटीने वाढतो, तो पुरुषांपेक्षा स्त्रियांत जास्त वाढतो. आणि घरातली बाई सर्वांत शेवटी जेवते, उरलेली भाकरी आणि भात टाकवत नाही म्हणून स्वतःच्या पोटात घालते, तिच्या फिरण्यासाठी कुणी वेळ मोकळा करत नाही. पेशंट ताई असतील, पण हा प्रश्न मी घरच्यांना परत विचारतो. सकाळचा तासभर त्यांना कोण देणार?

तंबाखू सोडली तर वजन वाढतं म्हणतात.

दोन-चार किलो वाढतील. तरीही सोडा. सिगारेट, बिडी, तंबाखू, मिश्री, सगळं. तंबाखू सोडल्याने हृदयाचा जो फायदा होतो, तो या वाढीपेक्षा कितीतरी मोठा आहे.

छातीत दुखलंच नाही, तरी अटॅक येऊ शकतो?

येतो. मधुमेहाने हृदयाच्या नसा बधिर झाल्या असतील तर कळ येतच नाही. अचानक दरदरून घाम, दम लागणं, मळमळ, जबड्यात किंवा पाठीत अवघडल्यासारखं होणं, एकाएकी गळून जाणं, एवढंच होतं. आपल्याकडे त्याला 'गॅस' म्हणतात आणि सोडा पिऊन, ओवा खाऊन दोन-तीन तास घालवतात. हृदयाचा स्नायू त्याच तासांत मरत असतो.

असं काही झालं तर १०८ ला फोन करा किंवा कुणाला तरी गाडी काढायला सांगा. स्वतः दुचाकीवर निघू नका. सीपीआर म्हणजे आपलं सरकारी छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय असो की जवळचा खासगी दवाखाना, मधुमेह आहे हे दारातच सांगा आणि ईसीजी लगेच काढायला लावा. पहिला ईसीजी नॉर्मल आला आणि त्रास मात्र चालू असेल, तर घरी परतू नका. थोड्या वेळाने दुसरा ईसीजी आणि रक्ताची ट्रोपोनिन तपासणी करा म्हणावं.